घर, सॉलिसिटर आणि बिल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

(ही उत्तरे इंग्लंडमधल्या व्यवहारांना लागू आहेत. वेल्समध्ये स्टँप ड्यूटीच्या जागी लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स असतो, आणि स्कॉटलंडमध्ये खरेदी-विक्रीची पद्धतच निराळी आहे.)

प्रश्न: आम्ही लीजहोल्ड (ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट घेतोय. इस्टेट एजंट म्हणतो, ‘आमच्याच सॉलिसिटरकडे जा’. त्यांचे कोटेशन ६५० पौंडांचे आहे, तर आम्ही शोधलेल्या फर्मचे १४०० पौंडांचे. दुप्पट पैसे का द्यायचे?

आधी एजंटाचे बघू. त्याला अशी सक्ती करता येत नाही, आणि तुम्ही नाही म्हणालात म्हणून तुमची ऑफर मागे ढकलताही येत नाही. गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल त्याला बहुधा त्या फर्मकडून रेफरल फी मिळते. ती किती, हे विचारा. फर्मने ती तुम्हाला सांगायलाच हवी.

आता आकडे. ६५० आणि १४०० ची तुलना अजून होऊच शकत नाही, कारण दोन्हींत काय काय धरले आहे ते आपल्याला ठाऊक नाही. स्वस्त कोटेशनमध्ये बहुतेक वेळा फक्त मूळ फी असते. मग तिच्यावर २० टक्के व्हॅट चढतो. लीजहोल्डचे जादा, मॉर्गेज आहे म्हणून जादा, आईवडिलांनी पैसे दिले तर त्याचे जादा, स्टँप ड्यूटीचा फॉर्म भरण्याचे वेगळे, प्रत्येक वेळी बँकेतून रक्कम पाठवण्याचे वेगळे. हे सगळे छोट्या अक्षरांत, शेवटच्या पानावर. लीजहोल्डला जादा फी लागणे मात्र रास्त आहे. लीज मुळापासून वाचावी लागते, ग्राउंड रेंट (मूळ मालकाला द्यायचे जमीनभाडे) किती आणि कधी वाढते ते तपासावे लागते, सर्व्हिस चार्जचे हिशोब आणि इमारतीच्या येऊ घातलेल्या मोठ्या दुरुस्त्या पाहाव्या लागतात.

फर्मबाहेर इतरांना भरायचे पैसे दोघांकडे जवळपास सारखेच असायला हवेत: काउन्सिलचा लोकल सर्च (घराबद्दलच्या नोंदींची चौकशी), पाणी-ड्रेनेज आणि पर्यावरणाचा सर्च, लँड रजिस्ट्रीची फी, आणि फ्लॅट असल्याने फ्रीहोल्डरला (इमारतीच्या मूळ मालकाला) नोटीस देण्याची फी. यातला एखादा खर्च एका कोटेशनमध्ये नसेल, तर तो वाचलेला नाही, फक्त लिहायचा राहिला आहे.

म्हणून दोघांनाही एकच ईमेल पाठवा. त्यात किंमत, लीजहोल्ड, मॉर्गेज देणारी बँक आणि घरून पैसे येणार का, हे सगळे लिहा आणि व्हॅटसकट एकूण आकडा मागा. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना घरांच्या व्यवहाराचे दर जाहीर करणे बंधनकारक आहे, तेव्हा विचारण्यात संकोच नको. त्याच ईमेलमध्ये आणखी तीन गोष्टी विचारा. फाइल प्रत्यक्ष कोण हाताळणार आणि ती व्यक्ती सॉलिसिटर आहे, लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (घरांच्या व्यवहारांचा परवानाधारक तज्ज्ञ) आहे की साहाय्यक? ती रजेवर गेल्यास फाइल कोणाकडे जाईल? तुमची फर्म आमच्या बँकेच्या पॅनेलवर (मान्य फर्मच्या यादीत) आहे का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर बँक आपला वेगळा वकील नेमू शकते, त्याचे बिलही तुमच्याच माथी येते आणि वेळ जातो तो वेगळाच.

आमचे मत विचाराल तर, साध्या फ्रीहोल्ड (जमिनीसह मालकीच्या) घराला मधल्या दराची फर्म चालते. लीजहोल्डला फाइल स्वतः वाचणारी आणि फोन उचलणारी व्यक्ती हवी, मग दोनचारशे पौंड जास्त गेले तरी चालेल.

प्रश्न: डिपॉझिटचे काही पैसे भारतातून आईबाबा पाठवणार आहेत. सॉलिसिटरला काय काय दाखवावे लागेल? आणि भारतात माझ्या नावावर एक फ्लॅट आहे, तो सांगावा लागतो का?

फ्लॅटचे आधी, कारण खरा फटका तिथे आहे. ‘पहिले घर’ याचा अर्थ जगात कुठेही पहिले. भारतातला फ्लॅट तुमच्या नावावर असेल तर स्टँप ड्यूटीतली पहिल्या घराची सवलत गेली. त्यातला तुमचा हिस्सा ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल, तर सहसा ५ टक्के जादा ड्यूटीही लागते. नवरा-बायको मिळून घर घेत असतील तर जोडीदाराचे घरही धरले जाते. सध्याच्या दरांनी ४ लाख पौंडांच्या घरावर सवलत मिळाली तर ५,००० पौंड, न मिळाली तर १०,००० आणि जादा ड्यूटी लागली तर ३०,००० पौंड भरावे लागतात. हे कंप्लिशनच्या (घराचा ताबा मिळण्याच्या) आठवड्यात कळण्यापेक्षा पहिल्या दिवशीच सॉलिसिटरला सांगा.

आईबाबांच्या पैशांसाठी त्यांचे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि सही केलेले पत्र लागते. ही भेट आहे, परतफेड नको, घरात हिस्सा नको, असे त्यात स्पष्ट असावे. शिवाय पैसा मुळात आला कुठून ते दाखवावे लागते: एफडी मोडली तर तिची पावती, जमीन विकली तर खरेदीखत. मराठीतल्या कागदांचे प्रमाणित भाषांतर मागितले जाते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. रक्कम चार नातेवाइकांच्या खात्यांतून तुकड्यातुकड्याने आणू नका, प्रत्येक खात्याचा खुलासा द्यावा लागेल. आणि मॉर्गेजच्या अर्जात ही भेट नमूद करा.

प्रश्न: पैसे नेमके कधी द्यायचे?

सुरुवातीला सर्चेसचे आणि ओळख तपासणीचे. कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज करताना (म्हणजे करार दोघांवर बंधनकारक होतो तेव्हा) साधारण १० टक्के डिपॉझिट. कंप्लिशनच्या आधी उरलेली रक्कम, स्टँप ड्यूटी आणि फी एकत्र. ड्यूटी कंप्लिशननंतर १४ दिवसांत भरायची असते आणि ती सॉलिसिटरच भरतो. घर विकणाऱ्याच्या सॉलिसिटरची फी विक्रीच्या पैशातून वळती होते.

प्रश्न: ‘व्यवहार झाला नाही तर फी नाही’ असे असूनही व्यवहार मोडल्यावर बिल आले!

ती हमी फक्त फर्मच्या स्वतःच्या फीची असते. सर्चेसवर झालेला खर्च परत येत नाही. त्यामुळे लीज, विकणाऱ्याचा टीए६ फॉर्म (घराची माहिती देणारा) आणि सर्व्हेचा अहवाल बघून मगच सर्च मागवा, असे सॉलिसिटरला सांगता येते. चेनमधले (एकमेकांवर अवलंबून असलेल्या खरेदी-विक्रींच्या साखळीतले) बाकीचे लोक घाईत असतील तर मात्र ही सवड मिळत नाही. काही फर्मच्या हमीत ‘तुम्ही स्वतः माघार घेतली तर लागू नाही’ असेही कलम असते, ते सही करण्याआधी वाचा.

बिलच चुकीचे वाटत असेल तर फर्मकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत समाधान झाले नाही तर लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे) जाता येते, त्यासाठी फी नाही.

प्रश्न: एक्स्चेंजच्या आदल्या दिवशी सॉलिसिटरचा ईमेल आला की बँक खाते बदलले आहे. काय करू?

पैसे पाठवू नका, हा ईमेल ठगांचा असू शकतो. सुरुवातीच्या छापील पत्रावरच्या नंबरवर फोन करा, त्या ईमेलमधल्या नंबरवर नाही. खाते खरेच बदलले असेल तरी आधी एक पौंड पाठवून तो पोचल्याची खात्री फोनवर करून घ्या.