वाड्यातलं बिबट्याचं कातडं अँटिकवाल्याला द्यायचं का?

तर तुमचा प्रश्न असा की आजोबांच्या वेळचं बिबट्याचं कातडं, सांबराची शिंगं आणि मोरपिसांचा जुडगा वाड्यात पडून आहे, वाडा विकायला काढलाय आणि एक अँटिकवाला कातड्याचे बरे पैसे देतो म्हणतोय. अजिबात देऊ नका. त्याचं काय, तो नामानिराळा राहील, पकडलं गेलं तर नाव तुमचंच येणार.

"आजोबांनी लायसनवर मारला होता, तेव्हा चालायचं" हे सगळेच सांगतात, पण 1972 च्या वन्यजीव कायद्यात मुद्दा मारला कोणी आणि कधी हा नाहीच. आज माल कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याचा कागद काय, एवढंच बघतात. आणि कलम 57 म्हणतं की माल तुमच्याकडे सापडला म्हणजे बेकायदेशीरच धरणार, कायदेशीर आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतो, शिक्षा 3 ते 7 वर्षं, वर दंड, तो 2022 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 25 हजार.

म्हणून आधी कागद शोधा. कातड्याच्या मागच्या फेल्टवर म्हैसूरच्या व्हॅन इन्गनचं (शिकारीत मारलेल्या प्राण्यांत पेंढा भरणारी जुनी कंपनी) लेबल वगैरे असेल तर वस्तू जुनी आहे एवढंच त्यातून कळतं, मालकी नाही. हवा तो कलम 42 चा मालकीचा दाखला. तो आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावे असेल तर वारसाने 90 दिवसांच्या आत जाहीर करायचं असतं, आणि मुदत उलटून गेली असेल तरी गप्प बसू नका, वकिलामार्फत अर्ज करा. दाखला असला तरी विकता येत नाही हं, कलम 43 मध्ये स्पष्ट मनाई आहे. नकोच असेल तर 42 अ खाली सरकारजमा करता येतं, मोबदला शून्य.

दाखलाच नसेल तर खरी डोकेदुखी. 2003 साली सरकारने असा माल जाहीर करायला 180 दिवसांची सवलत दिली होती, तेव्हा ज्यांनी जाहीर केलं ते सुटले, बाकीच्यांचं तसंच लटकलंय. अशा वेळी वनखात्याच्या केसेस लढलेला वकील गाठा, त्याच्याकडून उपवनसंरक्षकांना पत्र लिहून घ्या, मग पंचनामा करून वस्तू ताब्यात द्या आणि पोच घ्या. स्वतःहून दिलं म्हणून गुन्हा माफ असं कुठे लिहिलेलं नाही, पण धाड पडून सापडण्यापेक्षा शंभर पटीने बरं. गुपचूप जाळायचा सल्ला कोणीतरी देईलच (असे सल्लागार प्रत्येक गावात असतात), तो पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा.

शिंगांनाही हेच लागू, जंगलात गळून पडलेलं उचललंय म्हटलं तरी सुटका नाही. कपाटात वाघनखाचं लॉकेट वगैरे आहे का तेही बघा, 2023 मध्ये कन्नड बिग बॉसच्या एका स्पर्धकाला तेवढ्यावरून थेट शूटिंगमधून उचललं होतं.

मोरपिसांना मात्र सूट आहे, फक्त शेपटीच्या आणि आपोआप गळालेल्या. गळालेल्या पिसाचं देठाचं टोक पांढरं, स्वच्छ असतं, उपटलेल्याला रक्ताचा डाग राहतो आणि तपासणारे नेमकं तेच बघतात.

आणि प्रश्नासोबत टाकलेला कातड्याचा फोटो आधी काढून टाका, मागे वाड्याच्या दारावरची नावाची पाटी चक्क वाचता येतेय.