डीसीएफडीए वापरून पेशीतला हायड्रोजन पेरॉक्साइड मोजता येतो का? सगळ्या पेपरमध्ये तर हाच डाय दिसतो.

नाही येत. डीसीएफडीए हा पेशीत ऑक्सिडाइज झाला की हिरवा चमकणारा डाय आहे. आणि 'सगळ्या पेपरमध्ये हाच दिसतो' हे मी पीएचडीभर ऐकलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुण्यातल्या आमच्या लॅबमध्ये कर्क्युमिनवर (हळदीतलं पिवळं द्रव्य) काम चालायचं. औषध घातलं, डाय घातला, की कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पेशी हिरव्यागार. सीनियर खूश, सर खूश, आकृतीखालची ओळही तयार: 'पेरॉक्साइड वाढला'. मला खटकली ती कंट्रोलची डिश. औषध न घातलेल्या पेशी, पण एकाच जागी ४८८ नॅनोमीटरच्या लेझरने पुन्हा पुन्हा स्कॅन केल्या की फ्रेमगणिक उजळत जायच्या. झूम कमी करून पाहिलं, तर आजूबाजूच्या पेशी मंद आणि मधोमध स्कॅन केलेला तेवढा चौकोन लख्ख. डाय ऑक्सिडाइज केला होता तो लेझरने! दुसऱ्या डिशमध्ये नुसतं कर्क्युमिन ठेवलं, डाय घातलाच नाही. त्याही पेशी हिरव्या, कारण कर्क्युमिन स्वतःच चमकतं. दोन्ही चित्रं मीटिंगमध्ये ठेवली. सर म्हणाले, "कंट्रोल वजा कर आणि पुढे चल." मी नाही केलं. ती आकृती माझ्या थिसिसमध्ये नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे.

कारण हे वजाबाकीने सुटणारं नाहीच. पेशीत डीसीएफडीएपासून डीसीएफएच बनतो, आणि तो पेरॉक्साइडशी थेट जवळजवळ रिअ‍ॅक्ट होत नाही. मध्ये लोह, सायटोक्रोम सी किंवा पेरॉक्सिडेज लागतं. मरणाऱ्या पेशीत मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडलं, की पेरॉक्साइड तेवढाच असूनही सिग्नल चढतो. शिवाय डायचा अर्धवट ऑक्सिडाइज झालेला रॅडिकल ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड बनवतो आणि त्यातून पुन्हा पेरॉक्साइड. जे मोजायचं तेच डाय तयार करतोय. २०२२ मध्ये 'नेचर मेटाबॉलिझम'मध्ये या मोजमापांबद्दल मार्गदर्शक सूचना आल्या आहेत, त्या गाइडसमोर ठेवा.

घ्यायचं काय? पेशी ट्रान्सफेक्ट होत असतील (म्हणजे बाहेरचं जनुक घेत असतील) तर हायपर७ किंवा आरओजीएफपी२-ओआरपी१, ही पेरॉक्साइड ओळखणारी चमकणारी प्रथिनं. जुना हायपर घेऊ नका, पीएच बदलला तरी तो हलतो. बोरोनेट प्रोब (बोरॉन असलेले डाय) डीसीएफडीएपेक्षा बरे, पण पेरॉक्सिनायट्राइट या दुसऱ्या ऑक्सिडंटशी ते कितीतरी वेगाने रिअ‍ॅक्ट होतात, हे धरून चला.

डीसीएफडीए अगदीच टाकाऊ आहे असं नाही. प्राथमिक चाचपणीला, प्लेट अंधारात ठेवून, डायशिवायचे आणि पेशींशिवायचे वेल (प्लेटमधले खळगे) लावून चालतो. मात्र आकृतीखाली 'डीसीएफएच ऑक्सिडेशन' एवढंच लिहा.

आणि 'एनएसी (एन-असेटिल सिस्टीन हे अँटिऑक्सिडंट) घातल्यावर सिग्नल उतरला, म्हणजे पेरॉक्साइडच होता' असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. आमच्याकडे हा वाद शेवटपर्यंत चालला. एनएसीची पेरॉक्साइडशी रिअ‍ॅक्शन फार मंद असते आणि पेशीत तो आणखी बरंच काही बदलतो. पेरॉक्साइड म्हणायचं असेल तर पेशीत कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) जास्त बनवून सिग्नल उतरतो का, ते दाखवायला सांगा.