वर्षात दुसरं अलॉय क्रॅक झालं, खड्डा की डुप्लिकेट माल? वेल्डिंग करून चालेल का?

म्हणजे तुमचं असं झालंय की खारघरहून शिळफाटा-मुंब्रा बायपासने ठाण्याला रोज येजा, हॅचबॅकची कंपनीची १६ इंची काढून १७ ची अलॉय व्हील टाकली, वर्षात दुसरं गेलं. दुकानदार म्हणतो खड्ड्याने गेलं, मित्र म्हणतो माल डुप्लिकेट, आणि टायरवाला म्हणतो द्या इकडे, वेल्ड मारून देतो. तर टायरवाल्याचं अजिबात ऐकू नका, कारण खाली सांगतो. बाकी दोघं अर्धे अर्धे बरोबर आहेत, पण खरी गोष्ट तिसरीच असावी असं मला वाटतं, आणि ती म्हणजे हवा.

मी रबाळ्याला एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आम्ही व्हील नाही बनवत, पंपाच्या बॉड्या ओततो, पण मटेरियल जवळपास तेच, अ‍ॅल्युमिनियममध्ये साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम, आम्ही त्याला एलएम २५ म्हणतो, व्हीलवाले ए ३५६ म्हणतात. राहायला कासारवडवलीला, म्हणजे घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, ठाणे-बेलापूर रोड असा रोजचा रस्ता, त्यामुळे खड्ड्यांचाही अनुभव दांडगा आहे. माझी स्वतःची दोन अलॉय गेलीत, सो मीही तुमच्याच रांगेत.

आता बघा, लोखंडी रिम खड्ड्यात आपटली की वाकते. हातोडीने ठोकून सरळ करता येते, दिसायला भंगार होईल पण घरी पोचवते. ओतीव अ‍ॅल्युमिनियम तेवढं वाकत नाही, थोडं वाकतं आणि मग तडकतं. आणि एका फटक्यात तडकेलच असंही नाही. तार आपण वाकवून वाकवून तोडतो ना, तसंच. लोखंडाचं कसंय, एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी ते साधारण खपवून घेतं, अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादाच नाही, प्रत्येक फटका कुठेतरी जमा होत राहतो. त्यामुळे ज्या खड्ड्यात क्रॅक झालं असं आपल्याला वाटतं तो बिचारा शेवटचा, त्याच्या आधी फ्लायओव्हरचे जॉइंट आणि वर आलेले पेव्हर ब्लॉक सहा महिने काम करून गेलेले असतात.

आणि क्रॅक जवळजवळ नेहमी आतल्या बाजूला जातो, जी बाजू आपल्याला दिसतच नाही. बाहेरच्या बाजूला स्पोक आहेत, ते कडेला धरून ठेवतात, आतली कड मात्र मागे मोकळीच असते, तिला आधार नाही. गंमत म्हणजे अलॉयची जी स्टँडर्ड इम्पॅक्ट टेस्ट असते, व्हील १३ अंश तिरकं धरून वरून वजन सोडतात ती, ती बाहेरच्या कडेवर असते, गाडी फुटपाथला घासून आपटली तर काय होईल त्यासाठी. आपले खड्डे आतल्या कडेला मारतात.

माझं दुसरं व्हील गेलं तेव्हाची गोष्ट. डाव्या पुढच्या टायरची हवा दर तीन-चार दिवसांनी ४-५ पीएसआय उतरायची, पंक्चर काही सापडेना. शेवटी टायरवाल्याने अख्खं चाक पाण्याच्या टाकीत बुडवलं तर बुडबुडे टायरमधून नाहीच, रिमच्या आतल्या बाजूने, एकदम बारीक, सोड्याच्या बाटलीत येतात तसे. टायर उतरवला तर चार सेंटीमीटरचा क्रॅक, केसासारखा. मी ते व्हील घरी न नेता कंपनीत नेलं, साहेबांना विचारून डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट टेस्ट केली. म्हणजे साफ करून लाल डाय मारायची, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुसून काढायची आणि वरून पांढरा डेव्हलपर स्प्रे करायचा, जिथे भेग असेल तिथून आत शिरलेला लाल रंग बाहेर येतो. तो चार सेंटीमीटरवाला आला लालभडक, अपेक्षितच होता. पण थोड्या वेळाने त्याच कडेवर हातभर अंतरावर अजून तीन लाल रेघा उमटल्या, नखाएवढ्या. नुसत्या डोळ्यांनी त्या मला आधी दिसल्याच नव्हत्या, आणि माझी नोकरीच कास्टिंग बघायची आहे! शेजारी उभा असलेला आमचा ऑपरेटर म्हणाला, सर हे तर चहाच्या कपासारखं झालंय.

तर हवेचं. टायर हीच रिमची गादी आहे. हवा कमी असली की खड्ड्याची धार टायरला चेपून थेट रिमच्या कडेला लागते. आणि आपल्याकडे हवा कमी राहते कशी ते बघा. तुम्ही सकाळी निघता, तासभर ट्रॅफिकमध्ये टायर तापतो, मग पंपावर हवा चेक करता. तापलेल्या टायरचं प्रेशर ३-४ पीएसआय जास्त दाखवतं. दरवाजाजवळच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय, गेज ३६ दाखवतंय, तो मुलगा प्रामाणिकपणे फुस्स करून ३३ वर आणतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये असतात २९-३०. वर महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप उतरतं ते वेगळंच. मला हे कळायला दोन अलॉय लागली. आता स्वतःचा गेज डॅशबोर्डमध्ये ठेवलाय, पंधरा दिवसांनी एकदा सकाळी गाडी हलवायच्या आधी बघतो, घरी सगळी गावाला निघाली आणि डिकी भरली की स्टिकरवर फुल लोडचा आकडा असतो तेवढी भरतो. हे एवढं केलंत तरी अर्धा प्रश्न सुटेल.

१७ इंचाबद्दल सांगितलेलं तुम्हाला आवडणार नाही पण सांगतो. साधारण तुमच्यासारख्या गाडीचा हिशोब, १८५/६५ आर १५ असेल तर टायरची भिंत १२० मिलीमीटर, १९५/५५ आर १६ ला १०७, आणि २०५/४५ आर १७ ला फक्त ९२. बाहेरून चाक तेवढंच, म्हणजे रिम मोठी झाली ती सगळी जागा रबराकडून काढून घेतली. १५ आणि १७ मध्ये जवळपास तीन सेंटीमीटर गादी गेली, आणि तीही मुंब्रा बायपासला, जिथे दिवसरात्र कंटेनर चालून रस्त्याला चाकोऱ्या पडलेल्या असतात. मी तर पावसाळ्यात सरळ खालच्या मॉडेलच्या १५ च्या लोखंडी रिम लावतो, जून ते ऑक्टोबर. बायको म्हणते गाडी टॅक्सी दिसते. दिसू दे.

चालवताना एकच गोष्ट, खड्डा चुकणार नसेल तर आधी जेवढा ब्रेक मारायचा तेवढा मारा पण चाक खड्ड्यात उतरताना ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असला की सगळं वजन पुढे येतं, सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं, ते काय झेलणार. आणि स्पीड, ६० ने आपटणं हे ४० ने आपटण्यापेक्षा दीडपट नाही, साधारण सव्वादोन पट पडतं. पाणी साचलेलं असेल तर तो खड्डाच समजा.

डुप्लिकेटचं म्हणाल तर व्हीलच्या मागे स्पोकवर बघा, जेडब्ल्यूएल, व्हीआयए असे जपानी टेस्टचे मार्क असतात, आयएसआय असतो, आणि किती लोड चालेल तो आकडा. काहीच नसेल तर विषय संपला. पण मार्क आहे म्हणजे माल चांगला असं नाही हो, ओतायच्या साच्यात चार अक्षरं कोरायला काय लागतं, आम्ही रोज कोरतो. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड देतो का ते विचारा, चेहरा बघूनच कळतं. स्वस्त मालात हमखास काय असतं तर आत पोरॉसिटी, म्हणजे बारीक पोकळ्या, क्रॅक तिथूनच सुरू होतो. अजून एक, पीसीडी, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, मॅच होतोय का बघा, ४ बाय ९८ चं (चार भोकं, ९८ मिलीमीटर) व्हील ४ बाय १०० च्या हबवर जोर लावून बसवणारे लोक आहेत. कंपनीचे जुने नट नवीन अलॉयच्या सीटला बसत नाहीत तरी गनने टाइट करून टाकतात. तसं असेल तर क्रॅक कडेला नाही, नटाच्या भोकापाशी दिसेल, आणि तो जास्त वाईट.

आता वेल्डिंग. हे व्हील ओतल्यावर ५४० डिग्रीच्या आसपास काही तास भट्टीत ठेवतात, मग पाण्यात बुडवतात, मग परत १५०-१७० ला काही तास. जी काय ताकद आहे ती या ट्रीटमेंटची, टी ६ म्हणतात तिला. टिग वेल्डिंगवाला क्रॅक भरतो तेव्हा त्याच्या आजूबाजूची ही सगळी ट्रीटमेंट उडवतो, तिथला माल परत कच्च्या कास्टिंगसारखा मऊ, आणि मग क्रॅक वेल्डमधून नाही, वेल्डच्या शेजारून जातो. शिवाय त्या नखाएवढ्या तीन रेघा त्याला दिसलेल्याच नसतात. गॅसने तापवून बेंड काढणाऱ्यांचंही तेच. हळू हळू हवा उतरली तर ठीक, ९० ला पुढची रिम उघडली तर स्टिअरिंग हातात राहत नाही. स्टेपनीला ठेवतो म्हणाल तर तेही नको, स्टेपनी गरज पडते तेव्हाच लागते.

दोन गेलीत तर उरलेल्या दोघांची पण आतली कड एकदा टायर उतरवून बघून घ्या, तीही त्याच रस्त्यावरून गेलीत. आणि फुटलेलं व्हील भंगारात द्या, अ‍ॅल्युमिनियमचा किलोवर भाव मिळतो, पण द्यायच्या आधी कडेला ग्राइंडरने एक आरपार काप मारून द्या, नाहीतर तेच व्हील वेल्ड होऊन, रंग मारून परत कुणाच्या तरी गाडीला लागतं.