पहिल्या पगाराची पहिली दिवाळी आहे, आईला साडी घेऊ की एअर फ्रायर? आणि घरचा फराळ आवडत नसेल तर बाहेरून काही मागवलं तर चालेल का?

तू लिहिलंयस की नोकरी लागून पाच महिने झालेत, बजेट आठ हजार आहे, फराळातलं चिवडा सोडून काही आवडत नाही आणि आईला काहीतरी भारी द्यायचंय. मी तुझ्याहून तीनेक वर्षांनीच मोठी आहे म्हणून अरेतुरे करतेय, राग मानू नकोस.

साडी तुझ्या मनाने घेऊ नकोस. मी घेतली होती. २०२२ ची दिवाळी, माझी पण पहिलीच नोकरी, जुलैमध्ये लागलेली, आणि मी लक्ष्मी रोडला जाऊन ४२०० ची साडी आणली, मोरपिशी, दोन दुकानं पालथी घालून. ती आईने एकदा नेसली, माझ्या समाधानासाठी, आणि तेव्हापासून कपाटात आहे कारण तिला असला चमकणारा काठ आवडतच नाही, हे मला बावीस वर्षं तिच्याबरोबर राहून माहीत नव्हतं. साडीच द्यायची असेल तर तिला दुकानात घेऊन जा आणि तिला निवडू दे, मागे उभं राहून पैसे भर.

मिठाईचे बॉक्स, ड्रायफ्रूटचे बॉक्स हे तर अजिबात नको. आम्ही साताऱ्याचे, आमच्या गावच्या कंदी पेढ्यांसाठी लोक हायवे सोडून आत येतात, तिथे पुण्याची मिठाई नेण्यात काय अर्थ आहे? आणि बाबांना शुगर.

आता मला जे खरं सांगायचंय ते. त्याच वर्षी मी आईसाठी आणखी एक गोष्ट नेली होती, अनारशाचं पीठ. मंडईजवळच्या एका दुकानातून किलोभर, गूळ घालून मुरवलेला तयार गोळा, तीनशेच्या आत मिळाला. खरं सांगते, तो आईसाठी नाही, माझ्यासाठी घेतला होता. मला फराळात अनारसे सोडून काही म्हणजे काही आवडत नाही, बेसनाचा लाडू टाळ्याला चिकटतो, शंकरपाळी दोन खाल्ली की बास, म्हणजे तुझं दुखणं मला कळतं. आमच्याकडे अनारसे आजी करायची. तिने शेवटचे केले २०२० च्या अधिक महिन्यात, अधिक आश्विन होता, लॉकडाऊनमुळे कुणी येणार नव्हतं तरी जावयाच्या वाणाचे ३३ अनारसे तिने केलेच, आणि तेवढ्यासाठी आत्याचे मिस्टर कोरेगावहून गाडी काढून आले, दारातूनच डबा घेऊन गेले. २०२१ च्या मे महिन्यात आजी गेली. त्या दिवाळीला आमच्या घरी कढई चढलीच नाही, घरात माणूस गेलं की पहिल्या वर्षी फराळ करत नाहीत, नातेवाईक आणून देतात. सगळ्यांनी चकल्या, लाडू, चिवडा आणला, अनारसे कुणीच आणले नाहीत. म्हणून पुण्यात तो गोळा दिसल्यावर मी दुसरा विचारच केला नाही.

शनिवारी स्वारगेटहून एसटी धरली, खंबाटकीला ट्रॅफिक, पाच तास लागले, मांडीवरच्या पिशवीतून त्या गोळ्याचा आंबूस गोड वास येत होता आणि मला सारखं आजीचं स्वयंपाकघर आठवत होतं.

घरी पोचल्यावर आईने डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं आणि वरच्या फळीवर ठेवून दिला. काही बोलली नाही. मला वाटलं खूश नाही झाली. रविवार गेला, सोमवारी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, तोही गेला, डबा फळीवरच. मंगळवारी २५ तारखेला सूर्यग्रहण होतं, आठवत असेल तुला, दिवाळीच्या मधोमध आलेलं. बाबा काही पाळत नाहीत पण आई पाळते, सकाळपासून गॅस बंद, फराळाच्या सगळ्या डब्यांत तुळशीची पानं घातलेली. संध्याकाळी ग्रहण सुटायच्या आधीच सूर्य मावळला, मग आंघोळी झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पाडवा आणि भाऊबीज एकत्र असल्यामुळे काका-काकू सगळे जेवायला येणार होते, म्हणून मी आठ वाजता स्वतःच डबा खाली काढला आणि म्हटलं चल, आज करू.

तेव्हा ती बोलली. म्हणाली, मला अनारसे येत नाहीत.

सत्तावीस वर्षं झाली होती तिच्या लग्नाला. आजीने तिला तांदूळ भिजवायला दिले, तीन दिवस रोज पाणी बदलायला दिलं, सावलीत फडक्यावर पसरून वाळवायला, कांडायला, चाळायला, गूळ किसायला, सगळं दिलं, पण तळायला बसली की झारा आजीच्याच हातात. एकदा लग्नानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवाळीला आईने तळायला घेतले आणि पहिलेच दोन अनारसे हसले, म्हणजे कढईत पसरून विरघळले, तर आजी सगळ्यांसमोर म्हणाली की हिच्या हाताला अनारसा नाही. त्यानंतर आईने कधी हात लावला नाही. आजीवर माझा फार जीव होता, आजही आहे, पण हे तिने चूक केलं, आणि ते मी आता स्पष्ट म्हणते, पूर्वी म्हणत नव्हते.

मी गॅस पेटवला. थापायचं काम माझ्याकडे, प्लास्टिकच्या कागदावर खसखस पसरून त्यावर बोटांनी, आणि झारा तिच्याकडे दिला. पहिला हसला. दुसरा हसला. तिसरा कढईभर झाला आणि तूप काळं पडायला लागलं. आई म्हणाली ठेव झाकून, उद्या श्रीखंड आणू. मी ऐकलं नाही. यूट्यूब बघितलं, एक बाई सांगत होत्या की गोळा सैल असेल तर कोरडं तांदळाचं पीठ थोडं मळून घ्या, ते दोन चमचे घातलं, तूप बदललं, आच कमी केली. चौथा टाकला, खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं, आणि त्याला जाळी पडली. अशी सुरेख जाळी की दोघी नुसत्या बघत राहिलो. आईने तो तूप निथळायला चाळणीत उभा केला आणि निवायच्या आधीच अर्धा मोडून तोंडात टाकला, उभ्याउभ्या, देवाला दाखवायच्या आधी. माझ्या आईने आयुष्यात नैवेद्याच्या आधी काही खाल्लेलं मी बघितलेलं नाही. साडेअकरापर्यंत आम्ही तळत होतो, एकतीस झाले.

आणि मग दुसरा दिवस. दादाने त्या वर्षी आईला सोन्याचे टॉप्स दिले होते, तो माझ्या आधी चार वर्षं नोकरीला लागलाय, दिले, चांगलंच केलं. जेवणं झाल्यावर काकूने ते हातात घेऊन बघितले, वजन विचारलं, आणि मग सगळ्यांसमोर विचारलं, "आणि हिने काय दिलं गं, पहिल्या पगाराचं?" आई म्हणाली, "अनारशाचं पीठ." साडी म्हणाली नाही. ४२०० ची साडी त्या क्षणी तिच्या अंगावर होती. काकू म्हणाली, "पीठ? पहिल्या पगाराचं आईला पीठ? अगं निदान एखादं भांडं तरी घ्यायचंस." सगळे हसले, दादा पण. मला इतकं लागलं की मी आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिले, आणि मला आईचाच राग आला, की साडीचं का नाही सांगितलं. दादाशी यावरून माझं रात्री भांडण झालं आणि ते अजून पूर्ण मिटलेलं नाही, त्याचं म्हणणं भेट म्हणजे जी टिकते, ज्याची किंमत उद्या पण राहते. मला हे पटत नाही. काकूला मी तेव्हा काही बोलले नाही म्हणून इथे बोलते: काकू, त्या पिठाचे अनारसे तू त्या दिवशी चार खाल्लेस आणि सहा डब्यात घेऊन गेलीस.

पुढच्याच वर्षी, २०२३ ला, अधिक श्रावण आला. काकूच्या मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं, जावयाचा पहिला अधिक महिना, आणि काकूचा आईला फोन आला की ३३ अनारसे करून देशील का, आमच्याकडे कुणाला जमत नाहीत. आईने विकतचा गोळा नाही घेतला. जुना तांदूळ आणला, तीन दिवस भिजवला, सगळं स्वतः केलं. मला पुण्यात व्हॉट्सॲपवर फोटो आला, ताटात रचलेले, मोजून तेहतीस, आणि खाली लिहिलं होतं, एकही हसला नाही.

तर तुझा प्रश्न. फराळ आवडत नाही हे सांग, पण दसऱ्याच्या आसपास सांग, चकलीच्या भाजणीची डाळ-तांदूळ भाजायला घ्यायच्या आधी. तिने आठवडाभर राबून केल्यावर ताटात बाजूला सारणं हे वाईट, आधी सांगणं वाईट नाही. बाहेरून पिझ्झा वगैरे मागवायचा तर दिवाळीच्या चार दिवसांत नको, भाऊबीजेनंतर मागव, तोपर्यंत सगळ्यांनाच तिखट काहीतरी हवं असतं.

भेटीचं म्हणशील तर तिच्याकडून काय राहून गेलंय ते शोध. मला ते न शोधता सापडलं, हे पण मान्य करते. आणि पीठ-बीठ न्यायचं असेल तर तिच्या शेजारी स्वतः उभा राहणार असशील तरच ने, नाहीतर तू तिला फक्त काम नेऊन दिलंस. शिवाय तुझी आई माझ्या आईसारखी असेल असं नाही, माझ्या मैत्रिणीच्या आईला सोनंच हवं असतं आणि ती तसं सरळ सांगते, तेही चांगलंच की.

एअर फ्रायरबद्दल माझा अनुभव नाही. आईला फोन करून विचार, हवा असेल तर घे. आणि अनारशाचा गोळा घेतलास तर दुकानातच दाबून बघ, बोटाला चिकटून ओढला जात असेल तर सैल आहे, घरी वाटीभर कोरडं तांदळाचं पीठ हाताशी ठेव.