संत्र्याच्या, लिंबाच्या उरलेल्या सालींचं घरात खरंच काही करता येतं का?

तुम्ही लिहिलंय की घरी रोज लिंबूपाणी होतं, थंडीत संत्री येतात, साली टाकवत नाहीत. पण व्हिडिओ बघून चार-पाच उपाय केले आणि हाती काही लागलं नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. त्या व्हिडिओंत लिंबू, संत्रं, मोसंबी म्हणजे एकाच माळेचे मणी असतात. प्रत्यक्षात तसं नाही.

माझं माहेर नागपूरचं. संत्र्यांच्या दिवसांत आमच्याकडे संत्री पेटीने यायची आणि काटोलकडचे नातेवाईक आले की पोत्यानेसुद्धा. घरात सालींचा ढीग पडायचा, आणि आत्याचं एकच पालुपद: "सालटं फेकू नको वं." तेव्हा कंटाळा यायचा. आता ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये मी तेच करते, फक्त प्रत्येक उपाय एकदा पारखून घेतलाय.

आधी एवढं लक्षात घ्या. लिंबू आपण पिळतो, त्यामुळे त्याच्या सालीत थोडा रस, म्हणजे आम्ल उरतं. संत्रं आपण सोलतो. त्याच्या सालीत रस नाही, पण बाहेरच्या केशरी भागात तेलाचे बारीक फोड असतात. शाळेत शेजारच्या मुलीच्या डोळ्यांसमोर साल चिमटून तिला रडवायचो ना, ते हेच तेल. त्यात मुख्यतः लिमोनीन नावाचं द्रव्य असतं. तर आम्लाचं काम लिंबाकडे, तेलाचं काम संत्र्याकडे. संत्र्याच्या सालीने तांब्याचा तांब्या घासत बसाल तर हात दुखतील, बाकी काही होणार नाही.

लिंबापासून सुरू करते. माझ्याकडे सगळ्यात जास्त साली जातात त्या कुकरमध्ये. वरणभाताचे डबे ठेवण्याआधी तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची एक फोड टाकायची. अॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही. आधीच काळा झालेला असेल तर रिकाम्या कुकरमध्ये पाणी आणि सात-आठ फोडी घालून दहा-पंधरा मिनिटं उकळा, मग घासा. अंडी उकडायच्या पातेल्यालाही हेच लागू. बहुतेक आज्यांना हे ठाऊक होतं, त्यामुळे यात मी काही शोध लावलेला नाही.

तांब्या-पितळेची भांडी हे दुसरं काम. ताम्हन, निरांजन, समई: फोडीवर जाड मीठ घेऊन घासा. काळपटपणा आणि हिरवी काट दोन्ही निघतात. इथे बहुतेकजण एक चूक करतात. भांडं लखलखलं की ते तसंच निथळत ठेवतात आणि संध्याकाळी त्यावर डाग दिसले की लिंबाला नावं ठेवतात. आम्ल राहता कामा नये. साबणाने धुवा, लगेच कोरड्या फडक्याने पुसा. चांदीसाठी मात्र ही युक्ती नाही. चांदीचा काळेपणा गंधकामुळे येतो, लिंबू त्याला दाद देत नाही.

बोअरच्या पाण्याने नळांवर पांढरा थर बसतो, त्यावर अर्धी फोड नळाच्या तोंडाला टोपीसारखी बसवून अर्धा तास ठेवा. रात्रभर नको, चकाकी जाते. मासे साफ केल्यावर हातांना आणि विळीला येणारा वासही फोड चोळून जातो. तो वास आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट जातीचा असतो, म्हणून आम्लाला शरण जातो. साबण लावून लावून जात नाही तो याच कारणाने.

आणि जिथे लिंबू न्यायचंच नाही त्या जागा: शहाबादी फरशी, कडप्प्याचा ओटा, संगमरवरी देव्हारा. हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड, आम्ल त्यांना खातं. माझ्या आधीच्या भाड्याच्या घरात कडप्प्याचा ओटा होता. त्यावर फोडी ठेवून मी फोनवर बोलत बसले. फोडींचे गोल गोल फिके ठसे घर सोडेपर्यंत तिथे होते. ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही.

कोपरं उजळवायला लिंबाची फोड चोळण्याची जुनी सवय आहे. माझा सल्ला: करू नका, आणि केलंत तर नीट धुतल्याशिवाय उन्हात तर मुळीच जाऊ नका. लिंबाच्या सालीतली काही द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मग काळे डाग पडतात. एका मे महिन्यात गच्चीवर बसून मी सरबतासाठी पन्नासेक लिंबं पिळली होती. दोन दिवसांनी बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर तपकिरी ओघळ उमटले, ते जायला महिन्यावर लागला. उजळायला गेलं आणि काळं झालं.

त्याच पन्नास लिंबांच्या सालींचं लोणचं मात्र फक्कड झालं होतं. माझ्या मते साली वापरण्याचा याहून चांगला मार्ग नाही. पातळ सालीची, पिवळी झालेली लिंबं हवीत. हिरव्या, जाड सालीचं लोणचं कडू होतं. प्रत्येक फोडीचे दोन तुकडे करा आणि बिया एकूण एक काढा, कडूपणा अर्धा तिथेच असतो. वीस लिंबांच्या सालींना साधारण अर्धी वाटी मीठ आणि दोन-तीन ताज्या लिंबांचा रस. हा रस वगळू नका. पिळलेल्या सालीत आंबटपणा कमी उरतो, आणि आंबटपणा कमी पडला की बरणीत बुरशी. पंधरा दिवस बरणी उन्हात ठेवायची, रोज हलवायची. साल नखाने दबली की चिरलेला गूळ आणि तिखट. आमच्याकडे गूळ सालींच्या बरोबरीने जातो, तुम्ही कमी घाला. उपासाला हवं असेल तर मोहरी-हिंगाच्या वाटेला जाऊ नका, जिरेपूड घाला. दोन महिने मुरू दिलं तर ते थालीपिठाबरोबर काय लागतं! पण दोन महिने कोणी थांबत नाही.

आता संत्रं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, हाताने एका ओढीत निघते, आतला पांढरा भागही कमी. म्हणून ती लवकर वाळते. उटण्यात संत्र्याची साल घालतात हे तुम्हाला माहीत असेलच, पण ती केव्हा वाळवायची ते कोणी सांगत नाही. दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो तो आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचं पहिलं पीक. तेव्हा साली वाळवायला घेतल्या तर अभ्यंगस्नान उरकून जातं. आत्या साली ठेवायची त्या मृग बहाराच्या, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या. एकतर तो माल पूर्ण पिकलेला, शिवाय पुढे नागपूरचं ऊन. सुपात पसरलेली साल तीन-चार दिवसांत कडकडीत व्हायची. मोडल्यावर कट्कन तुटली तरच डब्यात. वाकली तर परत उन्हात. ऑक्टोबरमध्ये ती दळायची, वस्त्रगाळ करायची, आणि मसूर पीठ, आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा यांच्यात मिसळायची. दोन वाट्या मसूर पिठाला अर्धी वाटी साल हे तिचं प्रमाण. जास्त झाली तर अंग चुरचुरतं.

ठाण्यात हे जमवायला मला दोन वर्षं लागली. इथल्या दमट हवेत साल वाळण्याआधी तिच्यावर हिरवी बुरशी चढते. आता मी साली कात्रीने बोटभर पट्ट्यांत कापते आणि पंख्याखाली ताटात एकावर एक न येऊ देता पसरते. शेवटी मंद तव्यावर दोन मिनिटं, रंग न बदलू देता. पावसाळ्यात प्रयत्नच करत नाही. अंगाला लावायच्या किंवा खायच्या साली असतील तर फळ आधी कोमट पाण्यात चोळून धुवा. चकचकीत दिसणाऱ्या संत्र्यांवर बऱ्याचदा मेण असतं.

ताज्या सालीचा एक उपयोग फार कमी लोक करतात. नव्या स्टीलच्या डब्यावरचं लेबल काढल्यावर जो चिकट थर राहतो, त्यावर सालीची केशरी बाजू जोरात दाबून चोळा, पाच मिनिटं थांबा, पुसा. डिंक सुटतो. तेच तेल थर्माकोललाही विरघळवतं, तेव्हा मखराजवळ सालीशी खेळणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवा. फुगलेल्या फुग्यावर साल पिळली तर तो फुटतो, हे त्यांना सांगू नका. आणि निरांजनाच्या ज्योतीवर पिळली तर फुलबाजीसारख्या ठिणग्या उडतात, हे तर अजिबातच सांगू नका. या तेलापायीच वाळलेली साल पेटायला रॉकेलची वाट बघत नाही. माहेरी अंघोळीचा बंब आम्ही हिवाळाभर तिच्यावरच पेटवायचो. गावाकडे चूल किंवा बंब असेल तर पोतंभर साली साठवा.

बायोएन्झाइमबद्दल, म्हणजे साली आंबवून केलेल्या साफसफाईच्या पाण्याबद्दल, तुम्ही विचारलंच आहे. थायलंडच्या डॉ. रोसुकॉन पूमपनवोंग यांच्यामुळे पसरलेली ही पद्धत: 1 भाग गूळ, 3 भाग साली, 10 भाग पाणी, तीन महिने आंबवायचं. म्हणजे 1 लिटर पाण्याला 100 ग्रॅम गूळ आणि 300 ग्रॅम साली. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा असतो. मी चार दिवस माहेरी गेले आणि नवऱ्याला सांगायला विसरले. स्वयंपाकघराच्या छतावर जो तपकिरी नकाशा उमटला, तो पुढच्या रंगकामापर्यंत आम्ही पाहुण्यांना दाखवत होतो. बाटली प्लास्टिकची होती म्हणून निभावलं. काचेची कधीच घेऊ नका, आणि वर चौथा हिस्सा जागा मोकळी ठेवा. तयार होतं ते सौम्य, वासाचं व्हिनेगर समजा. लादी पुसायला, सिंकच्या वासाला छान. जंतुनाशक म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका. आणि ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनवाल्या टॉयलेट क्लीनरमध्ये ते चुकूनही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. लिंबाच्या रसालाही हाच नियम.

राहिली मोसंबी. साल जाड, घट्ट, आत पांढरा कडू थर. उटण्याला ती लवकर वाळत नाही, लोणच्याला कडू, नळावर बसवायला मोठी. तीन पाण्यांत उकळून, पाणी फेकून, साखरेच्या पाकात मुरवली तर खाता येते, पण एवढा गॅस जाळून हाती येते ती वाटीभर मिठाई. मी ती बारीक चिरून बायोएन्झाइममध्ये किंवा थोडी थोडी खताच्या कुंडीत घालते. एकदम खूप घातली तर गांडुळं कुंडीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतात. जालन्याकडच्या कोणाला मोसंबीच्या सालीचं काही वेगळं ठाऊक असेल, तर खाली जरूर लिहा.