माळ्यावरची मार्टिनी आणि मेलेला परवाना

महिनाभरात आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच वस्तूबद्दल आहेत: आजोबांनी मागे ठेवलेली, मोठ्या बोअरची (म्हणजे नळीच्या भोकाच्या व्यासाची, तो इंचात मोजतात), एका वेळी एकच काडतूस घेणारी जुनी रायफल, बहुधा इंग्रजी मार्टिनी-हेन्री. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत मी अकरा वर्षं शस्त्र परवान्यांच्या फायली हाताळल्या. तेव्हाही लोक हेच विचारत, आणि बहुतेक उशिरा विचारत.

प्रश्न : रायफलमध्ये एका वेळी एकच गोळी जाते. तरी परवाना लागतो का? (बार्शी)

लागतो.

प्रश्न : आमची मार्टिनी-हेन्री १८८०च्या आसपासची आहे. एक गृहस्थ पंधरा हजारांत 'अँटिक सर्टिफिकेट' काढून देतो म्हणतात, मग परवान्याची गरज नाही म्हणे. (सातारा)

पंधरा हजार खिशातच ठेवा. हे गृहस्थ ज्याच्या जिवावर धंदा करतात ते शस्त्र अधिनियम, १९५९ मधलं कलम ४५. त्यात कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे खरी. पण त्याच वाक्याच्या शेपटीला एक अट आहे, जी हे लोक कधी वाचून दाखवत नाहीत. ते शस्त्र दुरुस्त करून किंवा न करता, कसंही, बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसलं पाहिजे. ही अट फक्त नादुरुस्त शस्त्राला लागू की तिघांनाही, यावर वाद घालणारे वकील भेटतील. तो वाद तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यातून घालणार आहात का, एवढं ठरवा.

मार्टिनीची रचना अगदी साधी. चापाखालची कडी खाली ओढली की आतला ठोकळा खाली बसतो, काडतूस सरकवायचं, कडी वर. ब्रिटिश सैन्यात ती १८७१ला आली. दीडशे वर्षांचा गंज खरवडून, तेल घालून, एखादी स्प्रिंग बदलून पुन्हा चालणारी रायफल मी पाहिली आहे. तेव्हा 'गंजलीय हो' हे उत्तर पुरत नाही. सूट हवी असेल तर परवाना प्राधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करा. जिल्ह्यात जिल्हाधिकारी, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त.

प्रश्न : वडील मार्चमध्ये गेले. रायफल माळ्यावर ट्रंकेत आहे. परवान्याच्या पुस्तिकेवर मुदत २०२७पर्यंत आहे, म्हणजे तोवर निवांत ना? (देवरूख)

नाही. हे मी हजारदा सांगितलंय, आज पुन्हा सांगतो.

परवाना माणसाचा असतो. घराचा नसतो, ट्रंकेचा नसतो आणि रायफलचा तर नसतोच. माणूस गेला की परवाना गेला, पुस्तिकेवर कुठलीही तारीख असो. त्या दिवसापासून तुमच्या घरात विनापरवाना शस्त्र आहे. कलम २१ म्हणतं, अनावश्यक विलंब न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना साध्या शस्त्राला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे. बोअर प्रतिबंधित, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारा, निघाला तर सात ते चौदा.

आणि लोक काय करतात? मृत्यूचा दाखला हातात पडला की आधी बँक, मग विमा, मग सातबाऱ्यावर वारस नोंद. रायफलची आठवण वर्षश्राद्धाला, तीही भाऊबंद एकत्र जमले आणि कोणीतरी 'ती कोणाकडे राहणार' म्हणालं तर. माझ्या टेबलावर एकदा दोघे भाऊ गोधडीत गुंडाळलेली मार्टिनी घेऊन आले. वडील जाऊन चार वर्षं झालेली. 'रिकामी आहे साहेब' म्हणाले. सोबतच्या आर्मररने, म्हणजे शस्त्रं तपासणाऱ्या कारागिराने, कडी ओढली तर हिरवं पडलेलं पितळी काडतूस टेबलावर घरंगळत आलं. ती गोधडी एसटीच्या रॅकवरून, माणसांच्या डोक्यावरून आली होती. म्हणून ठाण्यात आधी फोन करा, ते सांगतील तसं न्या, आणि 'रिकामी आहे' असं स्वतःच ठरवू नका.

जमा केल्याची पावती घ्या. तिच्यावर बनावट, क्रमांक, बोअर आणि काडतुसांची संख्या हवी. 'एक जुनी बंदूक' एवढंच लिहिलेली पावती मी स्वीकारली नसती.

मग वारसाचा अर्ज. २०१६च्या शस्त्र नियमांत त्याची तरतूद आहे. बाकीच्या वारसांची ना हरकत लागते, लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीचीही, आणि तिथेच निम्म्या फायली अडतात. एका व्यक्तीकडे दोनच शस्त्रं, हा नियम वारसाहक्कालाही लागू आहे. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांनी हे विशेष वाचावं: वय सत्तर झालं किंवा शस्त्र पंचवीस वर्षं बाळगून झालं, यातलं जे आधी घडेल तेव्हा वडिलांना जिवंतपणीच ते वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. घरात हा विषय काढायला लोक कचरतात. काढा. कागद मात्र तुमच्या जिल्ह्याच्या गृह शाखेत किंवा वकिलाला दाखवूनच तयार करा, दरवर्षी काहीतरी बदलतं.

प्रश्न : बोअर .३०३ असला तर काय फरक पडतो? फोटो पाठवतोय. (कोल्हापूर)

फार पडतो. मूळ मार्टिनी-हेन्रीचं काडतूस .५७७/४५०, म्हणजे गोळी .४५०ची, पण त्याच सांगाड्यावर .३०३ची नळी बसवलेल्या मार्टिनी-एनफिल्डही आहेत. बाहेरून बघणारा फसतो. .३०३ हा प्रतिबंधित बोअर, त्याचा अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे. फोटोवरून मी बोअर सांगणार नाही, नळी मोजावी लागते. तोवर नळीवरची अक्षरं पॉलिश पेपरने घासून 'स्वच्छ' करू नका, ओळख पटवायला तेवढीच असतात.

बोअरची ही भीती जुनीच. मार्टिनीची .४५० गोळी बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी १९०७मध्ये हिंदुस्थानात .४५०च्या काडतुसांवर बंदी आणली. मग इंग्लंडच्या कारागिरांनी .४७० आणि .४६५ असे नवे बोअर काढून शिकारी साहेबांची सोय केली.

प्रश्न : रानडुकरं भात ठेवत नाहीत. हीच रायफल वापरू का? (सावंतवाडी)

नाही. पीक संरक्षणासाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, रायफलचा नाही. आणि बंदूक कुठलीही असो, १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर गोळी झाडता येत नाही. तुमचं गाव अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत असेल तर परवानाधारकाला वनखात्याकडेही नोंद करावी लागते. वनक्षेत्रपालांना भेटा.

प्रश्न : कुर्गमध्ये परवाना लागत नाही, तिथल्या मित्राकडे ठेवली तर? (बेळगाव)

ती सूट कुर्गच्या मूळच्या कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरागत) जमीनधारकांना आहे, तीही सध्या २०२९पर्यंत. तुम्ही दोन्ही नाही.

प्रश्न : एकदा तरी चालवून बघायची आहे. (पुणे)

नको. ही रायफल काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या बंदुकीच्या दारूच्या काळातली. आजच्या दारूचा दाब त्या नळीला सोसेलच असं नाही, आणि नळी फुटते ती गालाजवळ. परवाना नावावर झाल्यावर परवानाधारक कारागिराला दाखवा, तो नको म्हणाला तर ऐका.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो. इकडे आणता येईल? (मूळ गाव सांगली)

शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला लागेल. पुरावस्तू ठरली तर ती देशाबाहेर नेता येत नाही. मग निर्यातीची परवानगी, मग तिकडचे नियम. दोन्हीकडचा वकील लागेल. तोवर सांगलीत रायफल नक्की कोणाच्या ताब्यात आहे, हे पत्रात लिहिलेलं नाही. ते आधी कळवा.

प्रश्न : जमा करायला गेलो तर विक्रेता म्हणाला, परवाना तुम्हाला झेपणार नाही, मी वीस हजारांत घेतो. देऊ का? (नगर)

घाबरवून स्वस्तात घेण्याची ही जुनी युक्ती. परदेशी शस्त्रांची आयात सामान्यांसाठी कित्येक वर्षं बंद आहे, म्हणून इंग्लिश बनावटीच्या जुन्या रायफलला गिऱ्हाईक असतं आणि ते त्याला माहीत आहे. जमा करणं म्हणजे विकणं नव्हे. विकायचीच झाली तर कायदेशीर मार्गानेच, आधी गृह शाखेत विचारून. जमा करताना महिन्याचं भाडं किती आणि तेलपाणी कोण करणार, हे पावतीवर लिहून घ्या. ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत तेलपाणी कोणी करत नाही.