मातीच्या तलावाच्या पायथ्याला कायम ओल असेल, तर तो फुटण्याचा धोका असतो का?

तुम्ही विचारलंय की गावाजवळच्या आठेक मीटर उंच मातीच्या तलावावर तुम्ही मित्रमंडळी हिवाळ्यात भरीत पार्टी करता, पावसाळ्यात पोहता, आणि बांधाच्या पायथ्याला बारमाही ओल दिसते म्हणून आता भीती वाटते.

माझी सगळी नोकरी धुळे-जळगावकडच्या लघु पाटबंधाऱ्यांच्या कामांवर गेली. नुसती ओल दिसली म्हणून घाबरू नका, तिथल्या पाण्याचा रंग बघा.

वर्णनावरून हा पाझर तलाव वाटतो. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर आपल्याकडे असे पुष्कळ झाले. पाणी मुरवून खालच्या विहिरींना देणं हेच त्याचं काम, मग पायथ्याला थोडा पाझर येणारच. नितळ पाझर चालतो. त्याच्यासोबत माती यायला लागली, की बांधाच्या आत बीळ पडतं आणि ते पाण्याच्या दिशेने सरकत जातं. वरून बांध धडधाकट, आतून पोखरलेला. म्हणून रिकाम्या बाटलीत ते पाणी भरा आणि तासभर ठेवा. तळाशी माती बसली, किंवा धार मागच्या वेळेपेक्षा जाड दिसली, तर त्याच दिवशी तलाठी आणि जलसंधारणवाल्यांना कळवा. चिखल कोंबून भोक बुजवायला जाऊ नका, पाणी दुसरीकडून वाट काढतं. तिथे आधी रेती, तिच्यावर खडी, वर दगड असा थर देतात. पाणी निघून जातं, माती मागे राहते.

मला स्वतःला ओलीपेक्षा सांडव्याची, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जायच्या वाटेची, काळजी जास्त. पांझरा नदीवर फडाच्या, म्हणजे सामायिक सिंचनाच्या जुन्या पद्धतीच्या, बंधाऱ्यांवरून पूर खुशाल जातो, कारण ते दगडी आहेत. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो काही तासांत कापला जातो. एका गावात हातभर पाणी जास्त साठावं म्हणून लोकांनी सांडव्यावर मुरमाच्या गोण्या रचल्या होत्या. त्या आम्ही भर पावसात, रात्री, बॅटरीच्या उजेडात उचलल्या. दुसरीकडे मासेवाल्याची जाळी, तिला अडकलेला काडीकचरा. तुमचा सांडवा एकदा चालून बघा.

बाकी, उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतातच. पण बांधाला आडवी, पाण्याच्या बाजूकडून पायथ्याकडे जाणारी भेग असेल तर ती वाईट. बांधावरची वेडी बाभूळ लहान असतानाच काढावी. झाड वाळलं की मुळं कुजतात आणि पाण्याला आयती नळी मिळते.

सरकार बघत असेल, या भरवशावर राहू नका. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू आहे. तुमचा तलाव त्यात येत नाही. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, तेही मातीचंच होतं आणि गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती.

आता पोहण्याचं. बांध फुटून कोणी जाण्यापेक्षा तलावात बुडून जाण्याची शक्यता कितीतरी जास्त. उन्हाळ्यात शेतात टाकायला गाळ काढतात, जेसीबीने उभ्या कडांचे खड्डे पडतात, आणि पावसाळ्यात ते पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस पुढच्या पावलाला डोक्यावरच्या पाण्यात जातो, वर चिकण गाळात पाय रुततो. आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाला उतरणाऱ्यांनाही हेच सांगा. मे महिन्यात तलाव कोरडा असताना खड्डे बघून ठेवा, नाहीतर काठावरच थांबा. तलावातलं पाणी बाहेर सोडायचा दरवाजा ज्या विहिरीत असतो, तिच्याजवळ तर अजिबात पोहू नका, दरवाजा उघडा असला की पाणी आत ओढतं.

भरीत पार्टी जरूर करा. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांचा जाळ बांधाच्या माथ्यावर नको, काठाच्या उंच जागी करा. पावसाळ्यात मात्र बांधाच्या खालच्या नाल्यात सावली बघून बसू नका.